अ‍ॅजिनकोर्टच्या चिखलातला नाइट : एका चिलखताच्या रंगकामाचं प्रकरण

रेझिनचा पुतळा, उंची ७५ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:२४ प्रमाण. विषय : उत्तर फ्रान्समधल्या, १४१५ सालच्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्रजांच्या फळीवर पायी चालून जाणारा फ्रेंच नाइट. डोक्याला पुढे चोच आलेलं बॅसिनेट शिरस्त्राण, गळ्याभोवती कड्यांच्या जाळीची झालर, हातापायांना पोलादी पत्रे, छातीवरच्या चिलखतावर तांबड्या कापडाचा आखूड अंगरखा. पुतळा माझ्या मित्राचा. त्यानं तो एकदा रंगवून पुरा केला होता आणि मग माझ्याकडे आणून दिला. त्याची तक्रार एका वाक्याची होती : "चमकतोय रे, पण लोखंड वाटत नाही."

मध्ययुगीन योद्धे रंगवणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. म्हणून हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडतो आहे.

पहिली पाहणी

पुतळा खिडकीपाशी धरून फिरवला. शिरस्त्राणापासून पायाच्या बोटांपर्यंत एकच चंदेरी रंग. त्यावर काळपट तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग), सगळ्या खाचांत सारखाच मुरलेला. मग प्रत्येक कडेवर ड्रायब्रशनं (जवळजवळ कोरडा ब्रश घासून) उजळ चंदेरी, आणि शेवटी स्पंजनं टिपलेले गंजाचे ठिपके खांद्यावर, चोचीवर. काम स्वच्छ होतं. ब्रशचे फराटे नाहीत, रंग कुठे साचलेला नाही. मित्राचा हात चांगलाच बसलेला आहे.

मग गडबड कुठे होती? आधी रंगाचा कण पाहिला. चंदेरी रंगात चमक येते ती ॲल्युमिनियमच्या किंवा अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांमुळे. साध्या, जाडसर रंगातला पापुद्रा ३० मायक्रॉनचा धरला, तर १:२४ च्या हिशेबात तो खऱ्या माणसाच्या अंगावर पाऊण मिलिमीटरचा होतो. म्हणजे नाइटाच्या अंगभर जाड चमकी शिंपडल्यासारखी. डोळ्याला हे मोजता येत नाही, पण खेळण्याचा भास तिथूनच सुरू होतो.

त्याहून मोठी अडचण उजेडाची होती. वॉश खाचेत उतरतो, ड्रायब्रश उंचवट्यावर लागतो. त्यामुळे कुठे काळं आणि कुठे उजळ हे साच्यातल्या खाचांनी ठरवलं होतं. उजेड कुठून येतोय याचा त्यात विचारच नव्हता. मांडीचा पत्रा पुढून-मागून, आतून-बाहेरून एकाच छटेचा. कापडाला किंवा चामड्याला हे बऱ्यापैकी खपून जातं. घासून पुसून झिलई दिलेल्या धातूला अजिबात खपत नाही, कारण अशा धातूला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. समोर जे असेल ते तो दाखवतो.

आणि गंज. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगेन, कारण तिथे प्रश्न इतिहासाचा आहे.

या माणसाच्या अंगावर नक्की काय होतं

ब्रश हातात घेण्याआधी मी नेहमी हे ठरवून टाकतो. पुतळा १४१५ चा आहे, त्यामुळे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली पन्हाळीदार, टोकदार जर्मन चिलखतं डोळ्यांसमोर आणून चालत नाही. जवळचे नमुने म्हणजे दक्षिण टायरॉलमधल्या चुरबुर्ग किल्ल्यातली चौदाव्या शतकाच्या अखेरची इटालियन बनावटीची चिलखतं आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममधलं साधारण १४०० चं, युबोइया बेटावरच्या खाल्किसहून आलेल्या भागांतून जुळवलेलं चिलखत. चुरबुर्गच्या एका संचाला पत्र्यांच्या कडेनं पितळी पट्ट्या आहेत. आपल्या पुतळ्यावरही शिरस्त्राणाच्या कडेला आणि कोपरांना तशीच पट्टी कोरलेली होती, म्हणून तो धागा पकडला.

संग्रहालयातले फोटो बघताना मात्र एक सावधगिरी हवी. आज तिथे जो एकसारखा करडा, स्वच्छ पोलादी रंग दिसतो, तो पुष्कळदा नंतरच्या काळातल्या घासपुशीचा परिणाम असतो. मुळात काही चिलखतांना तापवून निळी झाक दिलेली असे, काही काळी ठेवलेली किंवा चक्क रंगवलेली असत. आणि काही आरशासारखी घासलेली असत. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्रजी ज्याला 'पांढरं चिलखत' म्हणे, ती हीच. आपला नाइट खानदानी, पैसेवाला. त्याला घासलेलं पोलादच शोभतं.

पण ते पोलाद आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस स्टीलसारखं नव्हतं. ते भट्टीतून निघालेलं, आत मळीचे धागे राहिलेलं, दगडाच्या चाकावर आणि हातानं घासलेलं होतं. त्याचं प्रतिबिंब किंचित धूसर पडणार. गंज चढू नये म्हणून त्यावर तेल किंवा चरबीचा हात फिरवलेला असणार. या धूसरपणाचा पुढे फार उपयोग झाला.

लढाईची जागा आणि वेळ आपल्याला माहीत आहे, हे तर मोठंच भाग्य. दोन रानांच्या मधलं नुकतंच नांगरलेलं शेत. एका बाजूला अ‍ॅजिनकोर्टचं रान, दुसऱ्या बाजूला ट्रॅमकोर्टचं. रात्रभर पाऊस झालेला. तारीख २५ ऑक्टोबर, आजच्या पंचांगानं ३ नोव्हेंबर. त्या अक्षांशावर त्या दिवसांत भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर येतो. आपल्या पुण्यात त्याच सुमारास तो पन्नासच्या पुढे असतो. डोक्यावरून उजेड पाडून रंगवायची जी सवय आपल्या हातात भिनलेली असते, ती इथे थोडी मोडावी लागते. मी उजेड समोरून डावीकडून तिरपा धरला, पण अगदी २५ अंशांवर नेला नाही. पुतळा शेवटी कपाटात वरच्या दिव्याखाली उभा राहणार होता आणि त्या दिव्याशी भांडण करून उपयोग नसतो.

खरवडणं आणि पाया

जुना रंग ॲक्रिलिक होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवून मऊ टूथब्रशनं तो निघाला. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन रेझिनला आणि प्लॅस्टिकला लावू नये, कोरीव काम विरघळून जातं. रंग निघाल्यावर नडगीच्या पत्र्यांवर साच्याची बारीक रेघ दिसली. ती ओल्या पॉलिश पेपरनं घासून काढली. कापडावर अशी रेघ घडीत लपून जाते, धातूवर ती उजेडात लांबून ओरडते.

त्यावर चकचकीत काळा पाया दिला. मॅट प्रायमरवर (बिनचमकीच्या पहिल्या थरावर) धातुरंग खरखरीत बसतो आणि पापुद्रे वेडेवाकडे उभे राहतात. गुळगुळीत काळ्यावर ते आडवे पसरतात आणि खालून खोली येते. मग अगदी बारीक कणांचा, एअरब्रशसाठीचा गडद पोलादी रंग पातळ थरांत, आणि वरून तिरप्या दिशेनं किंचित उजळ छटेचा एक हलका फवारा. एअरब्रश नसेल तर हेच काम मऊ ब्रशनं पातळ हात देऊन होतं, फक्त प्रत्येक हात वाळू द्यावा लागतो.

इथे एक निवड करावी लागली. धातुरंग मुळीच न वापरता नुसत्या करड्या, निळ्या, पांढऱ्या मॅट रंगांतून धातूचा आभास उभा करायची एक पद्धत आहे, आणि तिच्यातली उत्तम कामं पाहून मी थक्क झालो आहे. पण त्या पद्धतीत प्रतिबिंब एका कोनातून रंगवून पक्कं केलेलं असतं. फोटोत ते देखणं दिसतं. हा पुतळा मात्र चहूबाजूंनी बघितला जाणार होता. बघणारा हलला की खऱ्या धातूची चमकही हलायला हवी. म्हणून खाली धातुरंग आणि वर रंगवलेली सावली, असा मार्ग घेतला. ७५ मिलिमीटरला मी हाच मार्ग सुचवीन.

वाटी, पेला आणि तपकिरी पुठ्ठा

आता मुख्य काम. खिडकीशी एक तपकिरी पुठ्ठा अंथरला, त्यावर स्टीलची वाटी पालथी घातली आणि शेजारी पेला उभा केला. वाटी म्हणजे गुडघ्याची वाटी, पेला म्हणजे मांडी आणि नडगी. दोन्ही बाजूंना काळपट हिरव्या कागदाच्या उभ्या पट्ट्या ठेवल्या, रानाच्या जागी. मग नुसतं बघत बसलो.

पालथ्या वाटीवर काय दिसतं? वरच्या भागात आकाश, फिकं आणि थंड. त्याची खालची हद्द जिथे संपते तिथे एक गडद पट्टा, बराचसा अचानक सुरू होणारा. ते क्षितिज, आपल्या बाबतीत रान. पट्ट्याच्या खाली पुठ्ठ्याचा तपकिरी रंग, आणि तो चांगला उजळ. हे महत्त्वाचं आहे. खालच्या बाजूला सगळा अंधार असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सगळ्यात काळा भाग मधोमध असतो आणि खालच्या काठाशी जमिनीचा ऊबदार उजेड परत येतो.

पेल्यावर हीच गोष्ट उभी होते. उजेडाची एक उभी, अरुंद रेघ. तिला जवळजवळ चिकटून काळा पट्टा. मग मधली छटा. आणि पलीकडच्या काठावर पुन्हा हलका उजेड. शेजारी तांबडं फडकं ठेवलं तर पेल्याच्या त्या अंगाला तांबडी पट्टी उमटते. नाइटाच्या अंगावर तांबडा अंगरखा आहे. म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूला आणि मांडीच्या वरच्या काठाला तांबूस झाक यायलाच हवी.

ही मांडणी फोनवर टिपून टेबलावर ठेवली आणि तैलरंगांकडे वळलो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या कॅमलच्या नळ्या या कामाला पुरतात : बर्न्ट अंबर, पेन्स ग्रे, सॅप ग्रीन, यलो ऑकर, थोडा गडद तांबडा. रंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून ठेवायचा, म्हणजे जादा तेल कागद पिऊन घेतो आणि थर लवकर वाळतो. खालचा धातुरंग ॲक्रिलिक किंवा लॅकर असेल तर पुरा वाळल्यावर टर्पेंटाइनच्या हलक्या हाताला टिकतो. मेणावर आधारलेला असेल तर मात्र सुटून येतो, त्यामुळे बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचावं.

उजव्या गुडघ्याची वाटी कशी रंगवली ते जवळून सांगतो, बाकी सगळं तिच्यावरूनच झालं. वाटीच्या मध्याच्या किंचित खाली पेन्स ग्रे आणि सॅप ग्रीनच्या मिश्रणाची केसाएवढी आडवी रेघ ओढली. रेघेची वरची कड जशीच्या तशी ठेवली, खालची कड कोरड्या, स्वच्छ ब्रशनं हलके थापटत विरवली. तिच्या खाली अंबर आणि ऑकरचा पारदर्शक थर, इतका पातळ की खालची धातूची चमक त्यातून येत राहावी. वरच्या भागाला तैलरंग लावलाच नाही. तिथे मूळ पोलाद उघडं ठेवलं आणि एकदम माथ्यावर, डाव्या अंगाला, सर्वांत उजळ चंदेरीचा एक लांबट ठिपका दिला. धातूवर उजळपणा आणायला पांढरा रंग घालू नये, दूध सांडल्यासारखा डाग दिसतो. उजळ करायचं ते उजळ धातुरंगानंच. मग रानाच्या रेघेची वरची कडही अगदी थोडी मऊ केली. स्टीलच्या वाटीत ती कड सुरीसारखी तीक्ष्ण होती, पण हातानं घासलेल्या जुन्या पोलादात ती तशी येणार नाही. मघाशी म्हटलेला धूसरपणा तो हा. एवढं झाल्यावर ती दाण्याएवढी वाटी बाकीच्या पायापेक्षा वेगळ्याच पदार्थाची दिसू लागली.

दोन्ही गुडघे, कोपरं, शिरस्त्राणाचा घुमट ही सगळी वाटीची भावंडं. मांड्या, नडग्या, दंड, मनगटं ही पेल्याची. चोचीच्या व्हायझरला (तोंडावरच्या झडपेला) दोन उतार एका धारेवर मिळतात, तिथे एक उतार जवळजवळ पूर्ण उजळ आणि दुसरा जवळजवळ पूर्ण गडद ठेवला. धारेच्या दोन बाजूंना इतका फरक ठेवायला हात कचरतो. कचरू नये. कडांवरची उजळ रेघ फक्त उजेडाकडे तोंड असलेल्या कडांना दिली, आणि तीही सलग न ओढता कोपऱ्यांशी जाड, मधे विरत जाणारी.

पावसाळ्यात हे थर वाळायला बराच वेळ घेतात. मी पुतळा झाकणाच्या डब्यात घालून वर टेबल लॅम्प लावून ठेवतो. धूळही बसत नाही.

जाळी आणि पितळ

गळ्याभोवतीच्या कड्यांच्या जाळीला पत्र्यासारखं प्रतिबिंब नसतं. हजारो बारीक गोल कड्या, प्रत्येकीवर उजेडाचा एकेक कण, आणि मधल्या फटींत अंधार. त्यामुळे जाळी लांबून पत्र्यापेक्षा पुष्कळ गडद दिसते. काळपट तपकिरी पाया, वर निस्तेज पोलादी रंगाचा ड्रायब्रश आणि खांद्यावर जिथे जाळी वर वळते तिथे ६बी पेन्सिलची पूड बोटानं घासली, एवढंच केलं. पत्रा आणि जाळी यांत हा फरक पडला की दोन्ही एकमेकांना उठाव देतात.

पितळी पट्टीत काळी सावली घालायचा मोह होतो. पितळ मात्र आपल्या रंगातूनच परावर्तन करतं, त्यामुळे त्याची सावली तपकिरी, थोडी हिरवट. आणि सर्वांत उजळ ठिपका फिक्या पिवळ्याकडे झुकणारा.

गंज नको, चिखल हवा

मित्राला गंज काढायला नको होता. "लढाईतला माणूस आहे, चकचकीत कसा असेल?" हा त्याचा मुद्दा. मुद्द्यात तथ्य आहे, पण गंज हे त्याचं उत्तर नाही. असं चिलखत ही त्या माणसाची मोठी मालमत्ता होती, आणि ते घासायला, तेल लावायला नोकरचाकर होते. जाळीचं चिलखत वाळू घातलेल्या पिंपात घालून गडगडवत साफ करायची रीतही होती. तांबडे खवले धरलेला पत्रा हे दुर्लक्षाचं लक्षण, आणि लढाईला निघालेला श्रीमंत नाइट आपल्या जिवाच्या राखणदाराकडे दुर्लक्ष करणार नाही. शिवाय मोजमाप बघा : स्पंजाचा २ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या पत्र्यावर जवळजवळ ५ सेंटिमीटरचं चट्टं.

रात्रभरच्या पावसानं काय झालं असेल? रिव्हेटच्या खाली आणि पत्रे एकमेकांवर सरकतात तिथे किंचित तपकिरी ओघळ. तेवढेच ठेवले, अंबरच्या पारदर्शक थरानं, शोधले तरच सापडतील असे. सरकणाऱ्या पत्र्यांच्या कडेशी आडवे बारीक ओरखडे दिले.

खरी घाण चिखलाची. फ्रेंच नाइट त्या शेतातून चालत आले, रुतत आले. त्या दिवसाच्या कहाणीत चिखलाचा वाटा मोठा आहे. पिगमेंटची पूड, बारीक माती आणि ॲक्रिलिक माध्यम कालवून पावलांपासून नडगीच्या वरपर्यंत चिखल चढवला. खाली जाड आणि ओला, वर जाता जाता विरळ शिंतोडे. शिंतोडे ताठ ब्रशवर टूथपिक ओढून उडवले आणि गुडघ्याच्या वर जाऊ दिले नाहीत. चिखलाच्या वरच्या काठाशी थोडी फिकी, वाळत आलेली छटा.

आणि मग ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते दिसलं. पत्र्यांच्या खालच्या अंगांना आधीच दिलेला अंबर आणि ऑकरचा थर पायाखालच्या चिखलाशी जुळला. तो नाइट त्या शेतात उभा आहे हे त्याचं चिलखत सांगू लागलं. चिलखत रंगवताना आपण खरं तर त्याच्या भोवतालची जागा रंगवत असतो, हे माझं ठाम मत या कामानं आणखी पक्कं झालं. पुतळ्याचा तळ शेवटी रंगवायची पद्धत आहे. चकचकीत चिलखत असेल तर जमिनीचा रंग आधी ठरवावा, तोच पत्र्यावर चढवायचा असतो.

वॉर्निश आणि दिवा

मॅट वॉर्निशचा फवारा सगळ्या पुतळ्यावर मारला असता तर हे सगळं काम एका फटक्यात मेलं असतं. मॅट थर उजेड विखुरतो आणि पापुद्र्यांची चमक झाकली जाते. म्हणून अंगरखा आणि चामडी पट्टे ब्रशनं मॅट, पत्रे पातळ सॅटिन (अर्धवट चमकीचे), ओला चिखल ग्लॉस (चकचकीत). जाळीला काहीच नाही, कारण पेन्सिलच्या पुडीवर वॉर्निश फिरवलं की ती काळवंडते. पुतळा हाताळायचा तो तळाला धरून, ही अट मित्राला घातली.

त्याच्या कपाटातली एलईडी पट्टी समोरच्या फळीला, पुतळ्याच्या छातीच्या उंचीवर होती. तो समोरचा सपाट पांढरा उजेड रंगवलेल्या सावल्या खाऊन टाकत होता. पट्टी काढून वरच्या डाव्या कोपऱ्यात लावली आणि पांढऱ्याच्या जागी किंचित पिवळसर उजेडाची घेतली. त्याच कप्प्यात त्याच्या संग्रहातले दोन इंग्रज तिरंदाजही उभे आहेत, अंगावर पत्रा जवळजवळ नाहीच, पण डोक्यावर साधी लोखंडी टोपी आहे. आता त्या टोप्यांत चिखल आणि रान आणायचं काम मित्रानं स्वतः हाती घेतलं आहे. वाटी आणि पुठ्ठा तो घेऊन गेला.